पाचवी खिडकी न उघडणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय.

विषय: नियंत्रण कक्षातील पडद्यावर पाचवी खिडकी न उघडणेबाबत.
संदर्भ: आपला कालचा आदेश, आज सकाळी माझ्या टेबलावर आपटला गेलेला.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी चार पंपगृहांतले चार संगणक एकाच पडद्यावर रिमोट डेस्कटॉपच्या चार खिडक्यांतून चालवतो. इंटरनेटची लाइन एकच, तीही मरतुकडी. म्हणून पूर्वी आम्ही एका वेळी एकच खिडकी उघडत असू. तपासणीत आपल्याला पडदा रिकामा दिसला आणि आपण चारही कायम उघड्या ठेवायला लावल्या. तेव्हापासून पडद्यावरचे चित्र पन्नास सेकंद शिळे असते.

फिटर पंपात उतरताना कॅमेऱ्यासमोरच्या खुंटीला हेल्मेट टांगतो. खाली मोबाइल लागत नाही, म्हणून हेल्मेट दिसले की बटण दाबायचे नाही, एवढाच आमचा कायदा. उतरण्याआधी फिटरने स्वतः पंपाची वीज तोडायचा जागेवरचा स्विच आपण, सर्व काम दुरून होते म्हणून, काढून नेला.

गेल्या महिन्याच्या बारा तारखेला तीन नंबरची खुंटी रिकामी दिसली. मी 'चालू' दाबले. काही हलेना, म्हणून आणखी दोनदा दाबले. तेवढ्यात खुंटीवर हेल्मेट उगवले. मी 'बंद'वर बोटे बडवली, पण 'चालू' आधी पोहोचले होते. फिटरचा, ज्याला सगळे पैलवान म्हणतात त्याचा, उजवा हात पात्यांनी कोपरापासून ओढून नेला. मला तो पन्नास सेकंदांनी दिसला. तोवर पंप वेळेत थांबला असे समजून मी पाणी पीत होतो. हे चौकशी अहवालात नाही, म्हणून लिहितो.

त्याच संध्याकाळी पैलवानाच्या धाकट्या भावाने कक्षात येऊन पान्याने माझा जबडा फोडला, तीन दात पाडले व बरगड्यांत लाथा घातल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी त्याच्या जागी असतो तर डोकेच फोडले असते. तक्रार एवढीच, की जबडा तारेने बांधलेला असल्याने मला चौकशीत बोलता आले नाही आणि माझे मौन कबुली म्हणून नोंदले गेले.

आता पाचवी खिडकी, कशासाठी, तर माझ्या चार खिडक्या आपल्याला केबिनमधून पाहता याव्यात म्हणून! आज साडेनऊला ती उघडली आणि चित्र पावणेदोन मिनिटे शिळे झाले. आजच तीन नंबरवर पैलवानाच्या जागी त्याचा तोच धाकटा भाऊ रुजू झाला. दहाला पंप चालू करण्याचा आपला फोन आला. खुंटी रिकामी होती. आत्ता की पावणेदोन मिनिटांपूर्वी, हे मला कळेना. मी नकार दिला. शेजारी उभ्या सुपरवायझर साहेबांनी माऊस हिसकावून 'चालू' दाबले. मी त्यांच्या बोटांवर कीबोर्ड आपटला. दोन मोडली असावीत. मग भिंतीवरची आगीसाठीची कुऱ्हाड उतरवून इंटरनेटची मुख्य केबल तोडली. साहेबांचे दाबणे त्याआधी पोहोचले की नाही, हे इथून कळायला मार्ग नव्हता. वीस मिनिटे मी कुऱ्हाड घेऊन दारात बसलो होतो.

माझ्यावर वाटेल ती कारवाई करावी. मात्र जागेवरचा स्विच बसवल्याखेरीज केबल जोडू नये. कोणी जोडायला आल्यास मी त्याला आत येऊ देणार नाही, आणि कुऱ्हाड अजून माझ्याकडे आहे.

एवढे लिहीपर्यंत तो धाकटा भाऊ स्वतःच आला आहे. पंपाची लाइन का तोडलीस म्हणून आईवरून शिव्या देतो आहे, दोन्ही हात नाचवून.

आपला नम्र, व अटकेस तयार,
(सही)
ऑपरेटर, नियंत्रण कक्ष
दि. १६, सकाळी १०.४०

सोबत: तोडलेल्या केबलचा वीतभर तुकडा.