माझा अर्ज आणि माझाच पूर्वपक्ष

मुलुंड, मंगळवार, सायंकाळ

संशोधन-पदवीच्या अर्जासोबतचे निवेदन विद्यापीठाला उद्या दुपारी बारापर्यंत पाठवायचे आहे. 'हा अभ्यास तुम्हाला का करायचा आहे?' एवढाच प्रश्न. उत्तराला पाचशे शब्द. तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवूनही मला ते साधत नाही.

सवयीप्रमाणे आधी पूर्वपक्ष लिहिला. विरोधकाची बाजू त्याच्याहूनही नेटकी मांडावी आणि मगच खंडन करावे, हे मीच मुलांना शिकवले. अर्जदाराचे वय एकोणसत्तर. एक डोळा अधू. या पदवीचा उपयोग कोणाला? चारशे ऐंशी शब्द झाले, आणि यातला एकही आक्षेप मला खोडता येईना.

नातीला, ईशाला, वाचायला दिले. ती हसतच सुटली.

"आजी, तू ॲडमिशन मागतेयस की स्वतःवरच केस टाकलीयस? सगळं उडव ना!"

"आक्षेप लपवणे हा अप्रामाणिकपणा आहे."

"अगं, त्यांना कुठे माहितीयेत तुझे आक्षेप!"

मला माहीत आहेत ना. उपयोग कोणाला? दुपारपासून फिरून फिरून तिथेच येते. त्यांनी नाकारले आणि त्यांचे बरोबरच असले, तर?

अखेर पूर्वपक्ष पुसला. खाली एकच वाक्य उरले: 'मला अजून शिकायचे आहे.' उत्तरपत्रिकेत कोणी हे कारण म्हणून लिहिले असते, तर मी शून्य गुण दिले असते. तरी ते खोडवत नाही. उद्या बारापर्यंत दुसरे काही सुचले नाही, तर एवढेच पाठवीन.