फोर्डचे पिवळे दिवे

३ मार्च १९४९, सकाळी
लोणंदहून नेमाण्णांचा निरोप. वीस तारखेला गुणमालेला पाहायला येतात. मुलगा मोटारींचा शौकीन आहे म्हणे. आमच्या पेठेत हळदीच्या अडत्यांमध्ये मोटार माझ्या एकट्याकडे. लग्न जमल्यातच जमा.
फोर्डचे दिवे मात्र पांढरे आहेत. पांढरे दिवे लॉरीलाही असतात. विलायतेत पिवळे वापरतात. पिवळे करायचे. प्रभावतीने विचारले, पाहुणे मुलगी बघायला येतात की दिवे. इतका संसार झाला, तिला अजून मोटार म्हणजे काय ते कळलेले नाही.

५ मार्च
पिवळा ऑइलपेंट आणून दोन हात दिले. उत्तम बसला. उजेड येत नाही. दुकानदाराने जुना माल खपवला. पाट्या रंगवणारा कोंडीबा तिथेच उभा होता. म्हणाला, "मालक, काचंला रंग फासल्यावर उजेड कुठनं येनार?"
पाट्या रंगवणाऱ्याने पाट्या रंगवाव्यात.

८ मार्च
पेंट खरवडला. काचेवर चरे पडले. चऱ्यांनी उजेड मऊ होतो, असे माझे मत झाले आहे.

११ मार्च
पतंगाचा पिवळा कागद खळीने चिकटवला. सुंदर. माधवनगरपर्यंत फेरी मारली. परत आलो तेव्हा एका दिव्याचा कागद नव्हता. समोरचा सुकुमार दुकानाच्या दारातच. म्हणाला, जिनपालशेठ, गाडीचा एक डोळा आलाय काय? सुकुमारला दात दाखवण्याखेरीज दुसरा धंदा नाही.

१३ मार्च
उत्तर घरातच होते. हळद. सुताराचे लाखेचे पॉलिश आणले, त्यात पहिल्या प्रतीची हळद भिजवली, गाळली, पिसाने लावली. काच पिवळी, उजेड पिवळा. ज्या गावात हळदीचे ढीग, त्या गावाला हे सुचू नये.

१७ मार्च
एक अडचण. दिवे दिवसा दिसत नाहीत. पाहुणे भर दुपारी मिरजेला उतरणार. तेव्हा त्यांना मुद्दाम उशिरा आणायचे, दिवेलागणीला.
प्रभावतीने हातातली परात खाली ठेवली. "आवं, आपल्यासारखीच जैन माणसं हाईत ती. दिवस मावळल्यावर अन्नाला शिवतील का?" उपाशी पाहुण्यांपुढे पोरीला उभी करणार का, असेही म्हणाली.
मी शांतपणे समजावले. सूर्य मावळल्यावर बराच वेळ उजेड असतो. त्या उजेडाबद्दल शास्त्रात काही म्हटल्याचे मला तरी आठवत नाही. आणि स्टेशनवर बाक आहेत. माणसे बसतील.
गुणमालेने या खेपेला जरा लवकर जायला सांगितले. जणू मागची दोन्ही स्थळे माझ्यामुळे मोडली. मोडले ते एकच.

२० मार्च, दुपारी
निघण्याआधी काचांवर धूळ दिसली. धुण्याच्या सोड्याने पुसल्या. लाल झाल्या. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे मला अर्थात माहीत आहे. कुंकवाचे कारखानदार माझेच गिऱ्हाईक. पण दिव्यावरच्या हळदीने असे वागावे, ही अपेक्षा नव्हती. पुसापुशीत वेळ गेला. नीट पाहता लाल रंग अधिक भारदस्त आहे. निघतो.

२१ मार्च
मिरजेला बाक रिकामा. लोकांना शिस्त नाही.
जाताना वडांच्या सावलीत दिवे लावले होते. समोरून एक टांगा येत होता. तो शेवटच्या क्षणी बाजूला झाला, घोडा उधळला, आतली माणसे हात करू लागली. दिव्यांचे कौतुक म्हणून मीही हात केला.
त्या टांग्यात नेमाण्णा होते. सुकुमार वॅगन नोंदवायला मिरजेला गेला होता. ऊन उतरले तरी पाहुणे ताटकळलेले पाहून त्याने त्यांना टांग्यात बसवले. पुढे दोन लाल दिवे दिसले. सगळ्यांना वाटले, कुणाची तरी मोटार पुढे चालली आहे. टांगेवाला निवांत मागे निघाला. पुढे जाणारी मोटार अंगावर आली. नेमाण्णांच्या डोक्याचा रुमाल गटारात गेला.
ते आमच्या दारासमोर उतरले. प्रभावती पाने मांडून उंबऱ्यात उभी होती. सुकुमारने त्यांना आमच्याकडेच जायला सांगितले, हे तिनेच ऐकले. नेमाण्णा रस्त्यातच बोलले, "ज्याला पाहुण्याच्या ताटाची फिकीर न्हाई, त्याच्या घरात पोरीला काय वळण असनार?" आणि समोर सुकुमारकडे जेवायला गेले. दिवस असतानाच जेवले.
गुणमाला आतल्या खोलीत नवे पातळ नेसून बसली होती. मी आलो तेव्हाही बसलेली होती.
लोणंदच्या लोकांना वाहतुकीची समज कमी.

२८ मार्च
नेमाण्णांच्या मुलाचे सुकुमारच्या मुलीशी, सुलोचनेशी ठरले. त्या दिवशी तिने आमटी वाढली होती. आमटीवर लग्ने ठरवणारी माणसे आम्हाला नकोच होती. हे प्रभावतीला सांगितले. ती उठून गेली.

५ एप्रिल
सुकुमार घरी आला. वरातीला फोर्ड मागितली. मी होकार दिला, कारण मन मोठे असावे. चालवायला मीच येईन म्हटले. तो म्हणाला, चालवायला त्याचा मेहुणा आहे, तुम्ही कशाला दमता. दिवे मात्र पांढरे असलेले बरे.
काचा खरवडून देतो, असे मी म्हटले.
गुणमाला दारात उभी होती. म्हणाली, "कालच खरवडल्यात मी, आप्पा."
किल्ली दिली.
वरातीला आपण कुठे बसायचे, हे सुकुमार बोलला नाही. मीही विचारले नाही.