मकिल्रेथचे तीस गोल

८ ऑगस्ट १९०८, शनिवार
ड्रमगार्व्ही थिसल फुटबॉल क्लबात माझा दहावा सीझन. संकल्प: तीस गोल. बिअर बंद. तळलेले मासे बंद. मग स्कॉटलंडच्या संघात निवड होणारच. वय चौतीस, पण ते कागदावर.
बायको एफी म्हणते, वॅटी, जिना चढलास तरी घोड्यासारखा धापा टाकतोस. एफीला स्टॅमिना कळत नाही.

२२ ऑगस्ट
गोल शून्य. वारा उलटा होता. हाफटाइमला आम्ही बाजू बदलली, तर मेल्या वाऱ्यानेही बदलली. दुखवटा म्हणून मासे खाल्ले. बिअर एकच. मोठी.

१९ सप्टेंबर
पेनल्टी मिळाली. बॉल थेट पाद्रीबाबांच्या कोबीत. पावसानं चामडं जड झालं होतं. शेजारी खेळणारा डूगी टॅनहिल विचारतो, जड होतं तर एवढं उडालं कसं रे बाबा? तेवीस वर्षांचा आहे. फार बोलतो.

२१ सप्टेंबर, सोमवार
मॅनेजर गिलखाइससाहेबांनी बोलावलं. पुढे आता टॅनहिल, मी मागे डिफेन्सला. म्हणाले, तिथे पळावं कमी लागतं. डाव ओळखला. इंग्लंडच्या क्लबांच्या नजरेपासून मला लपवताहेत.

१० ऑक्टोबर
सीझनचा पहिला गोल! हेडर, अगदी कोपऱ्यात. गोलकीपर जागचा हलला नाही. आमचाच गोलकीपर, पण गोल तो गोल. पाहुण्या गावाचे लोक टोप्या उडवून ओरडत होते, मकिल्रेथ, आमच्याकडेच ये रे! मागणी वाढते आहे.
एफीला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग माझ्या गुडघ्याला तेल चोळत बसली.

२३ नोव्हेंबर, सोमवार
गिलखाइससाहेब म्हणाले, वॅटी, तुला कुठल्याही क्लबनं न्यावं, आम्हाला एक पेनीसुद्धा नको. इतका उदारपणा या क्लबनं कुणाला दाखवलेला नाही. एफीला ट्रंक भरायला सांगितली. ती म्हणते, आधी कुणाचं पत्र तर येऊ दे. तिच्या भावानं खाणीत माझ्यासाठी शब्द टाकलाय म्हणे. कशाला?

५ डिसेंबर
पत्र नाही. पोस्टमन नवा असावा. सोमवारपासून खाणीत. तात्पुरतं.

१२ डिसेंबर
मॅचला गेलो. टॅनहिलला चार गोष्टी सांगाव्यात म्हणून. दारावरच्या माणसानं तिकीट मागितलं. म्हटलं, दहा सीझन याच दारातून आत गेलोय. मकिल्रेथ.
त्यानं अदबीनं फुकट सोडायच्या नावांची वही उघडली आणि विचारलं, स्पेलिंग काय?
सांगितलं. मग तिकिटाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.