पात्यावर उभा न ठेवण्याचा रंधा

मी, वाल्मीक पंढरीनाथ भालेराव, बी. ए., वय ७३, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार इंदिरानगर, नाशिक, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी पत्नी चंद्रभागा गतवर्षी जूनमध्ये निवर्तली.

१. घर व बँकेतील ठेवी चिरंजीव सुयश व सून हर्षाली यांस समसमान. ती दोघे यावरून भांडणार नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

२. सासरे कै. बहिरू सुतार, सायखेडा, यांनी लेकीला, म्हणजे चंद्रभागेला, लग्नात स्वतःचा लाकूड तासायचा रंधा दिला होता. माझे थोरले बंधू गोरक्ष भरमांडवात म्हणाले, "वाल्मीक, हापिसात ने. फायली तासायला होईल." मंडळी हसली. मीही हसलो, याची खंत आहे. पुढे दादांच्या घरची तीन दारे तिनेच रंधून चौकटीत बसवली. दादांना माझे मनगटी घड्याळ द्यावे व हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

३. पावसाळ्यात दारे फुगत, तेव्हा ती रंधा मारी. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून मी खिडक्या लावीत असे. ती म्हणे, "लावा. भुसा तरी बाहेर उडायचा नाही."

ती गेल्यानंतरच्या खंडेनवमीस मी रंधा पाटावर उभा मांडला. हर्षालीने तो कुशीवर निजवला. मी कारण विचारले.

"बाबा, पात्यावर ठेवला की धार जाते. आईंनी शिकवलंय."

इतक्या वर्षांच्या संसारात मी हे पाहिले नव्हते. सुयशला तो पॉलिश करून काचेच्या कपाटात ठेवावयाचा आहे. त्याचे प्रेम मी जाणतो, तथापि परवानगी नाही. रंधा एकट्या हर्षालीचा, वापरण्यासाठी.

४. इतर कलमे माझ्या पश्चात अमलात यावीत. कलम ३ मात्र आजपासून. आमच्या खोलीचे दार यंदा फुगले होते व लागत नव्हते. त्यावरचा शेवटचा हात चंद्रभागेचा, म्हणून मी सुतारास शिवू दिले नव्हते. आज सकाळी रंधा हर्षालीच्या हाती दिला. तिने दाराच्या कडेवरून तळवा फिरवला.

"आईंनी वरून खाली मारलाय. मीही तसाच मारते, बाबा."

खिडक्या मी स्वतः उघडल्या.

दार आता लागते. चंद्रभागेचे आभार तिच्या हयातीत मानावयाचे राहिले. ते येथे मानतो.

ठिकाण : इंदिरानगर, नाशिक
दिनांक : २१ ऑगस्ट २०२५
(सही) वाल्मीक पं. भालेराव

साक्षीदार, दोघेही शेजारी, रंध्याचा आवाज ऐकून आलेले :
१. (सही) झुंबर निवृत्ती जाधव
२. (सही) लताबाई रामदास मोरे