डावखुरा इन्स्पेक्टर

४ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. संताप कुठेतरी जमा व्हायला हवा आणि बायको, म्हणजे सरला, ऐकून घेत नाही.

कारण: दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. दिवाळीनंतरच्या रविवारी जवळा बाजारला, आमच्या जुन्या शाळेत, गेट-टुगेदर ठरलं आहे. तेवढ्यावरून कुणीतरी तंबू टॉकीजचा विषय काढला. हिवाळ्यात बाजाराच्या मैदानावर शंकरसिंगचा तंबू लागायचा, त्यात पाहिलेले पिक्चर वगैरे. मी सहज लिहिलं की त्या इन्स्पेक्टरच्या पिक्चरमधला आपला हिरो डावखुरा होता. डाव्या हाताचा एकच ठोसा आणि व्हिलन पाण्याच्या टाकीत. यावर धम्मानंदने लिहिलं, उजव्या हाताचा होता रे. लगेच सगळ्यांचे अंगठे वर.

धम्मानंद म्हणजे हिंगोलीतला जनावरांचा डॉक्टर. पहिलीपासूनचा माझा मित्र. आजपर्यंतचा.

डावखुरा नव्हता? त्या हिरोपायी मी आयुष्यभर घड्याळ उजव्या मनगटाला बांधत आलो. सही डाव्या हाताने करतो. ती दर वेळी वेगळी येते म्हणून बँक माझे चेक परत करते. लहानपणी एका लग्नात डाव्या हाताने जेवायला लागलो तर नानांनी, म्हणजे वडिलांनी, भर पंगतीत मुस्काटात दिली होती. एवढं सोसलेला माणूस चुकेल? आणि म्हशींना इंजेक्शन देणारा बरोबर?

संकल्प: लहानपणीचे आवडते पिक्चर सगळे पुन्हा बघायचे. पुरावा गोळा करायचा. ग्रुपवर तोंडावर फेकायचा.

५ ऑक्टोबर, रविवार, दुपार

नागिणीच्या पिक्चरपासून सुरुवात. इन्स्पेक्टर लगेच नको, आधी नजर तयार करू.

लहानपणी हा पाहून मी कित्येक दिवस बाजेवरून पाय खाली सोडला नव्हता. आज बघतो तर नागीण म्हणजे रबरी पाइप. दोरी बांधून ओढलेला. दोरी दिसते. घनदाट जंगलात हिरॉइन रडते, तिच्यामागे नगरपालिकेचा बाक. सरला भाजी निवडत होती. तिने विचारलं की अंगणातला पाण्याचा पाइप तुम्ही ओलांडत नाही तो याच पिक्चरमुळे का. तिला कलेतलं काही कळत नाही.

निष्कर्ष: प्रिंट खराब.

८ ऑक्टोबर, बुधवार

जत्रेत हरवलेल्या जुळ्या भावांचा पिक्चर. यात मी एवढा रडायचो की शर्टाची बाही ओली व्हायची. आज फक्त राग आला. आई बांगड्यांचा भाव करायला दोन्ही पोरांचे हात सोडते. चूक सरळसरळ तिची, आणि पुढे अख्खा पिक्चरभर सगळे देवाला बोल लावतात. दर दहा मिनिटांनी फरशी चकाचक करायच्या औषधाची जाहिरात. ती बाई जुळ्यांच्या आईपेक्षा बरी रडते.

मध्यंतराआधी डोळे मिटून संवाद ऐकत होतो. सरलाच्या मते घोरत होतो.

धम्मानंदचा फोन आला. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला नाही. मग आलाच नाही. याला म्हणे मैत्री.

११ ऑक्टोबर, शनिवार

इन्स्पेक्टरचा पिक्चर सापडला. पिक्चरचं नाव इथे लिहीत नाही. सरला ही वही वाचत असावी, उगाच शोधून बसायची.

हिरो उजव्या हाताने ठोसा मारतो.

आधी वाटलं मोबाइल उलटा धरलाय. मग टीव्हीवर लावला. तिथेही उजवाच. सॅल्यूट उजव्या हाताने, पिस्तूल उजव्या हातात, हिरॉइनच्या गालावरचा केस बाजूला करतो तोही उजव्याच हाताने.

पाणी प्यायलो आणि उलगडा झाला. इंटरनेटवर पिक्चर टाकणारे हे लोक कॉपीराइट चुकवायला पिक्चर आडवा उलटा करून टाकतात. चोर साले. सरलाने लगेच नाक खुपसलं की पोलीस ठाण्याची पाटी मग सुलटी कशी. मी म्हणालो, पाट्या कॉम्प्युटरवर नंतर बसवतात. शिवाय त्या वेळी पाट्या मला वाचता यायच्याच नाहीत, चिन्हांसारख्या दिसायच्या, मी शाळेतही नसेन. तिने विचारलं, पिक्चर आला तेव्हा कितवीत होता? चौथीत. स्कॉलरशिपला बसलो होतो. विषय बंद केला.

पण त्या चिन्हांवरूनच खरं कोडं सुटलं. तंबूत पडदा मधोमध असायचा. समोर खुर्च्या आणि सतरंज्या, त्याला पूर्ण तिकीट. पडद्याच्या मागे अर्धं तिकीट, नाहीतर कनात उचलून फुकट. मागून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसायचं. म्हणजे धम्मानंद मागे बसायचा! म्हणून त्याला डावखुरा उजवा दिसला. त्याचे वडील सोनाजीकाका त्याच तंबूत मशीन चालवायचे, तरी पोरगं मागे. माझं तसं नव्हतं. नाना समोर पहिल्या रांगेत खुर्चीवर, आणि मी त्यांच्या शेजारी. नाना हसायचे ते अजून माझ्या कानात आहे.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. वर आव्हान: गेट-टुगेदरला तोच पिक्चर लावू. खोटा ठरेल त्याने सगळ्या बॅचसमोर कान धरून माफी मागायची.

हातच्या काकणाला आरसा कशाला.

१२ ऑक्टोबर, रविवार

धम्मानंदने मला एकट्याला मेसेज पाठवला. "सूर्या, कोण मागं बसायचा अन् कोण पुढं, हे आपल्यात कधी काढलं न्हाई. आज काहून काढलं?" आणि ग्रुप सोडला.

पळाला.

आमटी मुद्दाम तिखट. संध्याकाळी सरला एवढंच म्हणाली की नाना नांदेडला ॲडमिट होते तेव्हा दवाखान्याच्या फरशीवर रात्री कोण झोपायचं, आठवतं का. आठवतं. धम्मानंद झोपायचा. पण त्याचा डाव्या हाताशी काय संबंध? या घरात मुद्द्याला धरून कुणी बोलत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नवी अडचण. प्रिंटच चोरीची असेल तर शाळेत लावूनही हिरो उजवाच दिसणार. मग साक्षीदार हवा.

साक्षीदार सापडला. रुक्माबाई! धम्मानंदची आई. ती तंबूत पडद्याच्या मागच्या अंगाला भाजलेल्या शेंगा विकायची. मागे कोण बसायचं हे तिच्याइतकं कुणाला माहीत? आईच पोराच्या विरुद्ध उभी राहणार. असा पुरावा कोर्टातही मिळत नाही. कॉलेजच्या ऑफिसात मी नुसता हेड क्लार्क म्हणून सडलो, वकील व्हायला हवं होतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. दर दिवाळीला फराळाचा डबा रुक्माबाईंकडे मी स्वतः नेतो. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून त्या त्यात शेंगा भरून देतात. यंदा मी जाणार नाही. शत्रूच्या घरी अनारसे पोचवायला मी काय पोस्टमन?

सरला एकटी गेली. डबा शेंगांनी भरून आला. मी हात लावला नाही.

थोड्या खाल्ल्या. साक्षीदाराने दिलेल्या शेंगा खाल्ल्याने साक्ष बाद होत नाही.

सरलाच्या सांगण्यानुसार त्यांनी विचारलं, सूर्या काहून आला न्हाई? सरलाने ऑफिसचं काम सांगितलं. मग त्याच म्हणाल्या म्हणे, शाळेत पिक्चर दाखवून राहिले तर मीबी येते, धम्मा गाडीत घेऊन येईल. साक्षीदार आपल्या पायांनी चालत येतोय, तोही आरोपीच्या गाडीतून. देव माझ्या बाजूने आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. भाषण तयार. सुरुवात "सत्य" या विषयावर, मधे नाना आणि पहिल्या रांगेतली खुर्ची, शेवटी धम्मानंदला मोठ्या मनाने माफी. त्याने कान धरल्यावर मी त्याचे हात धरून खाली घेणार. टाळ्या.

भाषणात ठोसा मारून दाखवायचा म्हणून आरशासमोर सराव केला. डावा हात कपाटाला लागला. सुजला आहे. कपाट सरलाच्या माहेरचं. त्या लोकांकडून मला कधीच काही चांगलं मिळालं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

जे झालं ते लिहून टाकतो. नंतर यावर बोलणार नाही.

शाळेचा हॉल. भिंतीवर नकाशे आणि सुविचार रंगवलेले, म्हणून हॉलच्या मधोमध दोरी बांधून पांढरी चादर टाकली. खिडक्यांना ताडपत्री. धम्मानंद आईला हाताला धरून घेऊन आला. माझ्याकडे बघितलं नाही. रुक्माबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. माझ्या बँडेजकडे बघून त्यांनी विचारलं की काय झालं लेकरा. पन्नाशीच्या माणसाला लेकरा. मागची रांग हसली.

पिक्चर सुरू झाला. ठोशाचा सीन आला. उजवा हात. सगळे माझ्याकडे वळले. मी शांतपणे उभा राहिलो, पिक्चर थांबवायला लावला आणि "सत्य" सुरू केलं. नाना, खुर्ची, सगळं झालं. मग साक्षीदाराला हाक दिली. म्हणालो, रुक्माबाई, तुम्ही पडद्यामागे शेंगा विकायच्या. तिथे धम्मानंद बसायचा की नाही, सगळ्यांना सांगा.

त्यांनी आधी पोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि अगदी सरळ आवाजात म्हणाल्या,

"धम्मा कुठला मागं? धम्मा त्याच्या बापापाशी, मशीनपाशी ऱ्हायचा. मागं तू बसायचास की रे, माझ्या पदराखाली. तुझे नाना समोर खुर्चीवर असायचे. त्यांनी बघितलं तर चामडी लोळवतील म्हणायचास."

कुणीच हसलं नाही. हसले असते तर मला बरं पडलं असतं, भांडता आलं असतं. मग कुणीतरी हसलं आणि सगळे सुटले.

मी म्हणणार होतो की वय झालं, त्यांना आठवत नसेल. पण तेवढ्यात पिक्चर पुन्हा लावला आणि रुक्माबाई उठल्या. म्हणाल्या, मला हिकडून काई समजंना, सवय न्हाई. आणि चादर बाजूला करून पलीकडे निघाल्या. म्हाताऱ्या माणसाला हात द्यायला नको का? म्हणून मी त्यांच्यामागे गेलो. फक्त म्हणून. कान धरा, कान धरा असा गलका चालला होता, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मागे अंधार होता. त्या खाली बसल्या, मीही बसलो. कमरेच्या पिशवीतून त्यांनी शेंगा काढून माझ्या हातात दिल्या. समोर चादरीवर तोच पिक्चर. पोलीस ठाण्याची पाटी उलटी, चिन्हांसारखी. आणि हिरोने शेवटच्या मारामारीत डाव्या हाताचा ठोसा मारला. डाव्याच. मी बरोबर होतो!

चादरीच्या पलीकडे सगळे हसले. पिक्चरला हसले, मला नाही. ते हसणं कापडातून आलं आणि मला नाना ऐकू आले. घरी नाना कधी हसत नसत. तंबूतच हसायचे. मी पडद्यामागे बसून त्यांच्या हसण्याची वाट बघायचो, पिक्चरची नाही. ते हसले की वाटायचं, शेजारीच बसलेत.

मला एकदम रडू आलं. फार आलं. रुक्माबाईंनी पदर पुढे केला. मी घेतला नाही. मग घेतला.

तेवढ्यात धम्मानंद आईला पाण्याची बाटली द्यायला मागे आला. दुसरं कुणी बघत नव्हतं म्हणून मी पटकन दोन्ही कान धरले. सुजल्या हाताने सुद्धा. तो म्हणाला, "अंधारात काई दिसंना," आणि निघून गेला.

नीच माणूस. त्याला दिसलं होतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

घड्याळ डाव्या मनगटाला बांधून ऑफिसला गेलो. कुणाच्याही लक्षात आलं नाही. वेळ बघायला दिवसभर उजवाच हात वर करत होतो.

ग्रुपवर माझं भाषण कुणीतरी टाकलंय. "सत्य" या शब्दापासून.

संध्याकाळी सरलाने शेंगांचा रिकामा डबा धुऊन माझ्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बाईला बोलायचं असतं तेव्हा बोलत नाही. मी धम्मानंदला फोन लावला. आधी रुक्माबाईंची तब्येत विचारली. मग सांगितलं की मी आत्ता कान धरले आहेत. तो म्हणाला, दिसत न्हाई, व्हिडिओ कॉल कर. केला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कान धरले. तो बराच वेळ बघत राहिला. सरलाही दारातून बघत होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा चेहरा होता, पण घड्याळ पुन्हा उजव्या मनगटाला दिसत होतं आणि मागच्या कॅलेंडरवरचे आकडे उलटे.

मी म्हणालो, थांब, यात सगळं उलटं दिसून राहिलंय.

तो म्हणाला, "तुला दिसत असंल. मला बराबर दिसून राहिलं. धर अजून थोडा वेळ."

नेमकं आजच नेटवर्क चांगलं होतं.