अंगणात वळलेली पालखी

१० मार्च २०२५, सोमवार

शिमगा आला. गेल्या वर्षी ग्रामदेव भैरीच्या पालखीला पुढचा खांदा माझ्या अनिशचा होता. श्रावणात घाटात टेम्पो उलटला आणि पोरगा गेला. टेम्पो सहदेव चालवत होता — शेजारचाच, लहानपणापासून माझ्यासोबतचा. तो वाचला! चारूने, त्याच्या आईने, तेव्हापासून देवापुढे दिवा लावलेला नाही. म्हणते, ‘सहदेवचं नाव या घरात नको. देवाचं पण नको.’ मी गपचूप हात जोडतो. मागावं काय, सुचत नाही.

१३ मार्च

होळी लागली. आम्ही गेलो नाही. सावरीला लाल फुलं आली आहेत. आमच्या घरात श्रावणच थांबलाय.

१५ मार्च

उद्या पालखी आमच्या वाडीत. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं, तिथे ती येत नाही, दारावरून पुढे जाते. बरंच आहे! पुढच्या खांद्याला सहदेव आहे म्हणे, मागे वाडीतला भरत. चारूला सांगितलं नाही.

१६ मार्च



पालखी दारावरून पुढे गेली होती. एकदम अडली. जागेवर डुलू लागली. भरत मागून ओरडला, ‘सहदेवा, आरं कुठं चाललास?’ — आणि पालखी गर्रकन वळून आमच्या अंगणात! माझं डोकंच फिरलं. देवाच्या आड लपून आला हा!

चारू दारात. डोक्यावर पदर नाही. ढोल थांबले. ती सरळ पालखीपाशी. ‘आता आलास? श्रावणात कुठं होतास रे?’ भैरीला विचारलं तिने!

मग आत गेली. मला वाटलं, संपलं. तर तांब्या घेऊन आली. पालखी दारात आली की खांदेकऱ्यांचे पाय धुवायचे — ते चुकवलं नाही. मान खाली. भरतचे धुतले. मग दुसऱ्याचे. घोट्यावर अपघातातल्या टाक्यांची खूण. हात थांबला. आता तांब्या त्याच्या तोंडावर मारते! पण तिने होतं तेवढं पाणी ओतलं. हाताने पाय चोळले. वर बघितलंच नाही. सहदेव हुंदके देत होता.

मी नुसता उभा. मी तर काही मागितलंही नव्हतं.

१७ मार्च

सकाळी सहदेव अंगणात. म्हटलं, ‘देवाच्या नावाने असं करायचं नव्हतंस.’

‘गोमादादा, मी नाय रे वळवली! मी तर पुढं ओढत होतो. वहिनीला काय तोंड दाखवू?’ त्याने सदरा सरकवला. पालखीच्या दांडीने खांदा सोलून निघालाय.



चारू हळद घेऊन बाहेर आली.