ड्रायव्हरसाहेबांचा रॅम्प

४ मे
पोचले. पाठ मोडली आहे, पण उत्साह कायम.

आजपासून रोजनिशी. नियम दोन. खोटं लिहायचं नाही आणि कुणाविषयी वाकडं लिहायचं नाही. दुसरा नियम उद्यापासून, कारण आज सुनेविषयी लिहायचं आहे. मुलगा निदान तोंडावर म्हणाला की आई, खेड्यातली घरं दुरुस्त करायची कामं तरुण पोरांची, तू तिथे उन्हाळाभर काय करणार. सून काहीच म्हणाली नाही. फक्त परतीचं तिकीट काढून दिलं, कुठल्याही तारखेला चालेल असं.

या घरदुरुस्तीच्या शिबिरात मी स्वयंसेवक नाही, स्टाफ आहे. स्वयंसेवक म्हणजे कॉलेजची मुलं. स्टाफ म्हणजे प्रमुख, सुतार आणि मी. प्रमुख माझ्या छत्रीपेक्षा वयाने लहान असावा. माझ्याकडे हत्यारांची खोली, प्रथमोपचाराची पेटी आणि चार वाजताचा चहा. थोडक्यात, अॅडमिनिस्ट्रेशन.

५ मे
मुक्काम गावच्या शाळेत. सुट्टी असल्याने वर्ग रिकामे. माझ्या वाट्याला बालवाडी. बाकं गुडघ्याएवढी, त्यामुळे लिहिताना मी घडी घातल्यासारखी दिसते.

कॉलेजची मुलं मला आजी म्हणू लागली. मी स्पष्ट सांगितलं, मॅडम. त्यावर त्यांची बराच वेळ कुजबुज झाली आणि संध्याकाळपर्यंत ‘मॅडमआजी’ पक्कं झालं.

संकल्प: रोज पाचला उठणे. ड्रिल मशीन शिकणे. मुलांच्या बोलण्यातल्या चुका न काढणे.

६ मे
सातला उठले. गादीचा दोष.

८ मे
इथली कामाची पद्धत कळली आणि थक्क झाले. कुठल्याही घरी पहिल्या दिवशी हत्यार न्यायचंच नाही. सगळ्यांनी जाऊन जमिनीवर बसायचं, त्या घरचा चहा प्यायचा आणि घरच्यांना बोलू द्यायचं. याला ‘बैठक’ म्हणतात. आज एका म्हातारबुवांनी दुपारपर्यंत गाईचं आजारपण सांगितलं. छप्पर गळतं हे निघालं जेवणाच्या वेळी, तेही बोलता बोलता. मुलं माना डोलावत ऐकत होती. मी प्रमुखाला म्हटलं, छप्पर तर मला फाटकातूनच दिसत होतं. तो म्हणाला, मॅडम, दिसतं ते सगळ्यांनाच, पण ऐकून बघायचं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी मुलींना विचारत बसायचं ठरवलं असतं तर आम्ही अजून पहिलीत असतो.

१२ मे
प्रमुख आठवडाभर दुसऱ्या गावी, तिथे नवं काम निघालंय. मोटरसायकलवर बसता बसता मला म्हणाला, मॅडम, इकडे जरा लक्ष असू द्या.

म्हणजे सूत्रं माझ्याकडे. मुलाला फोन करून कळवलं. तो म्हणाला, अरे वा, आणि मग विचारलं की गोळ्या घेतेस ना.

१३ मे
पुढचं घर एका निवृत्त बस ड्रायव्हरचं. ते पडले, मांडीचं हाड मोडलं, शहरात लेकीजवळच्या हॉस्पिटलात आहेत. येत्या रविवारी घरी आणणार. घराला पुढे चार दगडी पायऱ्या. बास, मला एका नजरेत कळलं. रॅम्प.

बैठक रद्द केली. रविवार तोंडावर आलेला असताना चहा कसला पिता. सुतार म्हणाला, घरच्या बाईंना एकदा विचारायचं का. मी म्हटलं, विचारायचं काय, पायऱ्या दिसत नाहीत का. तो म्हणाला, दिसतात की. आणि फळ्या मोजायला गेला. हा माणूस वाद घालत नाही, ही त्याची जमेची बाजू.

ड्रायव्हरीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, ते पायऱ्यांचं जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, काळजी नको, पायऱ्या गेल्याच म्हणून समजा. त्या नुसत्या बघत राहिल्या. कृतज्ञतेने लोकांना बोलणं सुचत नाही.

१४ मे
रॅम्प पायऱ्यांच्या वरूनच टाकतोय. दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपाचे कठडे. ड्रिल मशीन आज पहिल्यांदा हातात घेतलं. भोक सरळ पडलं, फक्त बाकाला. शिट्टी नावाची एक मुलगी आहे (सदानकदा शीळ घालते), ती म्हणाली, मॅडमआजी, छान सुरुवात.

ड्रायव्हरीणबाई पुन्हा आल्या. सांगत होत्या की डॉक्टरांनी त्यांना हॉस्पिटलात काठीवर चालवलं, जिनासुद्धा चढवला, फक्त धरायला काहीतरी हवं. मी मायेने त्यांचा हात धरला. नवऱ्याचं अपंगत्व स्वीकारायला वेळ लागतो. मी त्यांना व्हीलचेअरचं सांगितलं, शहरातून भाड्याने मागवली आहे. त्या म्हणाल्या, खुर्चीत बसायचे नाहीत हो ते, जन्मभर बसूनच गाडी चालवली त्यांनी.

बिचारी.

१५ मे
दुपार. गंभीर बाब समजली. शिट्टी त्या घरी पाणी प्यायला गेली आणि तासभर बसून आली. तिने सांगितलं की लेकीने अट घातली आहे. बाबा आपल्या पायाने घरात गेले आणि बाहेर आले तरच त्यांना इथे ठेवणार. नाहीतर दोघांनाही कायमचं शहरात, तिच्या दोन खोल्यांत, आणि हे घर बंद. बाई रात्री झोपत नाहीत म्हणे.

मी शिट्टीला म्हटलं, बघ, म्हणजे रॅम्प किती महत्त्वाचा. शिट्टी म्हणाली, पण मॅडमआजी, ‘आपल्या पायाने’ म्हणाल्यात त्या. मी म्हटलं, ती बोलायची पद्धत असते. तिने सुताराकडे पाहिलं, सुताराने आभाळाकडे. मग त्याने विचारलं, प्रमुखांना एक फोन लावू का. मी म्हटलं, लक्ष मला ठेवायला सांगितलंय.

संकल्प: मुलांना आदेश कसा पाळावा ते शिकवणे.

१६ मे
रॅम्प तयार. देखणा. नुसतं लाकूड उदास वाटत होतं म्हणून हत्यारांच्या खोलीतला लाल ऑइलपेंट काढला. दोन हात. आरशासारखी चकाकी आली आहे. सुतार म्हणाला, यावर मुंगीसुद्धा घसरेल. पहिल्यांदाच स्वतःचं मत दिलं आणि तेही निराशेचं.

ड्रायव्हरीणबाई दारात उभ्या राहून रॅम्प बघत होत्या. म्हणाल्या, इथे संध्याकाळचे बसायचे ते, वरच्या पायरीवर. येणारा-जाणारा थांबून बोलायचा. मी म्हटलं, आता व्हीलचेअर लावून बसतील, कुशनसकट. त्या आत निघून गेल्या. डोळे पुसत होत्या असं शिट्टी म्हणते. आनंदाश्रूंची शक्यता नाकारता येत नाही.

१७ मे, रविवार
उद्घाटनाची तयारी. इस्त्रीची साडी. दोन वाक्यांचं भाषण.

पुढचं नंतर लिहिते. पाय फार दुखतोय.

१८ मे
काल काय झालं ते क्रमाने लिहिणे माझं कर्तव्य आहे.

जीप आली. लेक उतरली, मग ड्रायव्हर उतरले. स्वतः. उंच, सडसडीत, हातात काठी. मी व्हीलचेअर पुढे केली. त्यांनी विचारलं, ही कुणासाठी. मग रॅम्प पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाले, हे काय, पोती चढवायची आहेत का घरात. काठी टेकवून पाहिली तर ती सर्रकन खाली आली. परत जीपमध्ये जाऊन बसले. लेक म्हणाली, आई, मी सांगत होते ना, चल, कपडे भर. ड्रायव्हरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं मला लिहिता येणार नाही.

अशा वेळी कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो. मी म्हटलं, यात अवघड काहीही नाही, मी दाखवते. आणि साडी सावरून चढले. निम्म्यापर्यंत उत्तम. तिथून मी बसले, आणि बसल्या बसल्या खाली आले. वेगाने. भाषण राहिलं.

मुलांनी ओठ दाबून धरले होते. ड्रायव्हरांनी मात्र तसली काही सभ्यता दाखवली नाही. ते इतके हसले की जीपचं दार धरून बाहेर आले. म्हणाले, मॅडम, ब्रेक दाबायचा होता. पाठोपाठ बाई हसल्या, मग लेकसुद्धा. ड्रायव्हर सुताराला म्हणाले, खाली माझ्या पायऱ्या आहेत ना रे अजून. सुतार म्हणाला, जशाच्या तशा. मग काढ की हे झाकण, ते म्हणाले, आणि धरायला तो पाइप तेवढा राहू दे.

लेक म्हणाली, मला अंधाराच्या आत निघायचंय. मुलं तुटून पडली. एवढ्या झपाट्याने ती माझ्यासाठी कधी काम करताना पाहिली नव्हती. मी झाडाखाली व्हीलचेअरवर होते, कारण घोटा सुजला होता आणि दुसरी खुर्ची नव्हती. मलाही कामाला लावलं. काढलेले स्क्रू माझ्या पदरात.

ऊन कलताना ड्रायव्हर पाइप धरून पायऱ्या चढले. लेक हात द्यायला गेली, त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. वर जाऊन वळले, खाली उतरून दाखवलं, पुन्हा चढले. लेकीने डोळे पुसले आणि आईला म्हणाली, औषधं वेळेवर दे. मग एकटीच जीपमध्ये बसली.

२० मे
प्रमुख परतला. त्याला सगळं कुणीतरी आधीच सांगितलं होतं, कारण माझ्याकडे बघताना तो खोकत होता. म्हणाला, मॅडम, पुढच्या घरच्या बैठकीला तुम्ही पुढे बसा. मी म्हटलं, पाय दुमडत नाही. म्हणाला, पाय लांब करून ऐकता येतं.

रॅम्प शाळेमागे उभा केलाय. मुलं त्यावर मोजे वाळत घालतात.

मुलाचा फोन. कसं चाललंय. मी म्हटलं, काम पूर्ण झालं, घरमालक समाधानी. यात खोटं काहीही नाही. तिकीट बॅगेत आहे, अजून बाहेर काढलेलं नाही.

२२ मे
घोटा बरा. ड्रायव्हरांच्या घरी तपासणीला गेले. दहा मिनिटांचं काम.

ते वरच्या पायरीवर बसले होते, बाई खालच्या पायरीवर भाजी निवडत. मी पाइप हलवून पाहिला, पक्का आहे. ड्रायव्हर म्हणाले, मॅडम, उभ्या काय, बसा. मी म्हटलं, कामात आहे. बाईंनी भाजीची टोपली सरकवून जागा केली. बसले. एक शिक्षक जाता जाता थांबला, मग एक दूधवाली, मग कुणीतरी आपल्या जावयाची तक्रार घेऊन आलं आणि त्यावर माझा सल्ला विचारला गेला. अर्धी भाजी मी निवडली. चारचा चहा शाळेत कुणी केला, मला माहीत नाही. परतले तेव्हा दिवे लागले होते.

पायऱ्या बसायला उत्तम आहेत. रॅम्पवर असं बसता येत नाही. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.